पाचवी ते सातवीचं विज्ञान : स्वयंपाकघरातली उजळणी

‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ असं विचारलं की सहावीतलं मूल व्याख्या एका दमात म्हणून दाखवतं. त्यालाच पुढचा प्रश्न विचारा : फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या डब्याला बाहेरून पाणी सुटतं, ते येतं कुठून? ‘आतून झिरपतं’ हे उत्तर हमखास ऐकायला मिळतं. व्याख्या पाठ आहे, पण डोक्यातली जुनी समजूत जागची हललेली नाही. उजळणी करायची ती या समजुतीची. धडा पुन्हा वाचून ती सापडत नाही. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं म्हणजे आलं, असा मुलाचा आणि आपलाही गैरसमज होतो.

म्हणून क्रम उलटा ठेवा. पुस्तक मिटलेलं. आधी प्रश्न, मग मुलाचा अंदाज, मग करून बघणं आणि शेवटी नेमके शब्द पाहायला पुस्तक. वहीच्या पानावर तीन रकाने आखा : ‘मला काय वाटतं’, ‘काय झालं’, ‘असं का’. पहिला रकाना पेनानेच भरून घ्या. पेन्सिलने लिहिला की मुलं नंतर खोडून बरोबर उत्तर लिहितात, आणि चुकलेला अंदाज हाच तर या वहीतला सगळ्यात मोलाचा मजकूर आहे. अंदाज चुकल्यावर ‘एवढंही येत नाही?’ असं एकदा जरी म्हटलं, तरी मूल पुढच्या वेळी तुमच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज सांगू लागतं. मग सगळा खटाटोप वाया.

एका बैठकीला एकच संकल्पना आणि फार तर पाऊण तास. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी तेच पान काढा, ‘असं का’ हा रकाना हाताने झाका आणि तोंडी विचारा. याला पाच मिनिटं पुरतात. मूल सेमी इंग्रजीत असेल तर समजावणं मराठीत करा आणि संज्ञा दोन्ही लिहून घ्या : बाष्पीभवन म्हणजेच इव्हॅपोरेशन, संघनन म्हणजेच कंडेन्सेशन. घरी एक शब्द आणि शाळेत दुसरा, एवढ्यानेच त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मुलांना वाटत राहतं.

पाणी : सुटलेलं, उडालेलं, विरघळलेलं

त्या डब्यापासूनच सुरुवात करा. घट्ट झाकणाचा एक लिटरचा स्टीलचा डबा घ्या. त्यात बर्फ आणि पाणी भरा, झाकण लावा, बाहेरून कोरडा पुसा आणि एका ताटलीत ठेवून ताटलीसकट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. आता अंदाज : अर्ध्या तासाने वजन कमी होईल, तेवढंच राहील की वाढेल? पाणी आतून झिरपत असेल तर एकूण वजन तेवढंच राहायला हवं. दमट हवेत ते काही ग्रॅम वाढलेलं दिसतं. पाणी बाहेरच्या हवेतून आलं, हे मुलाला तुम्ही सांगायची गरज उरत नाही.

हा प्रयोग फसतो तो दोन कारणांनी. लहान पेला घेतला तर फरक जेमतेम एखाद्या ग्रॅमचा असतो आणि घरच्या काट्यावर तो कळत नाही, म्हणून मोठा डबा. दुसरं म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की डब्याला धड थेंबच येत नाहीत. तेव्हा हा धडा पावसाळ्यात घ्या आणि मे महिन्यात माठाचा. कोरड्या हवेत माठाच्या बाहेर आलेलं पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. म्हणून नागपूरच्या माठातलं पाणी गार होतं आणि रत्नागिरीच्या दमट हवेत तोच माठ तितकं काम करत नाही. संघनन आणि बाष्पीभवन हे एकाच व्यवहाराचे दोन अंग आहेत, हे या जोडीतून फार चांगलं कळतं.

किटलीच्या तोंडाजवळ नीट बघायला लावा. तोंडाला लागून बोटभर जागा रिकामी दिसते आणि त्याच्या पुढे पांढरे लोट दिसतात. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. पांढरं दिसतं ते गार होऊन पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब. (वाफेने भाजतं ते साध्या पाण्यापेक्षा जास्त. मुलाला हातभर लांब उभं करा.)

विरघळणं म्हणजे नाहीसं होणं, ही समजूत काट्यावरच मोडते. २०० ग्रॅम पाणी आणि २० ग्रॅम मीठ वेगवेगळं मोजा, मिसळा, पुन्हा मोजा : २२० ग्रॅम. नंतर यातलं दोन चमचे पाणी पसरट स्टीलच्या ताटलीत घालून उन्हात ठेवा. सावकाश आटलं की मिठाचे चौकोनी खडे दिसतात. गॅसवर घाईने आटवलं तर नुसता पांढरा थर मिळतो. मीठ द्राव्य, पाणी द्रावक आणि दोन्ही मिळून द्रावण, हे तीन शब्द इथेच वहीत लिहून घ्या. ‘द्रा’वरून सुरू होणाऱ्या या तीन शब्दांत परीक्षेत नेहमी गोंधळ होतो.

मेणबत्ती आणि पेला : पिढ्यान् पिढ्या चुकीचं सांगितलं जाणारं कारण

या प्रयोगावर वेळ घालवा. ताटात एक सेंटिमीटर पाणी, त्यात थेंबभर शाई, मधोमध मेणाने चिकटवलेली पाच सेंटिमीटरची मेणबत्ती. ती पेटवून वर उंच काचेचा पेला उपडा ठेवायचा. ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढतं. ‘हवेत ऑक्सिजन २१ टक्के, तो जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली’ हे स्पष्टीकरण आपल्यापैकी अनेकांनी शाळेत लिहून गुण मिळवलेले आहेत. ते चुकीचं आहे.

मुलाला दोन गोष्टींवर नजर ठेवायला सांगा. पहिली, पेला ठेवताना त्याच्या काठाखालून बुडबुडे बाहेर येतात का? दुसरी, पाणी केव्हा चढतं : ज्योत जळत असताना, की विझल्यावर? बुडबुडे दिसतात, आणि पाणी ज्योत जळताना फारसं हलत नाही, विझल्यावर मात्र झरझर वर येतं. ऑक्सिजन संपण्यामुळे पाणी चढत असतं तर ते जळतानाच हळूहळू चढलं असतं. खरं असं घडतं : ज्योतीने पेल्यातली हवा तापून प्रसरण पावते, थोडी बाहेर निसटते (तेच ते बुडबुडे). ज्योत विझली की उरलेली हवा गार होते, तिचा दाब कमी होतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ऑक्सिजन वापरला जातो हे खरंच, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. शिवाय सगळा ऑक्सिजन संपण्याच्या आधीच ज्योत विझते.

खात्री करायची असेल तर त्याच पेल्याखाली तीन मेणबत्त्या लावा. पेल्यातला ऑक्सिजन तेवढाच आहे, तरी पाणी आणखी वर चढतं. कारण तीन ज्योतींनी हवा जास्त तापली आणि जास्त बाहेर गेली. पाणी चढलंच नाही, तर ताटात ते कमी पडलं असेल किंवा पेल्याच्या काठाशी फट राहून हवा आत शिरत असेल. मेणबत्ती मोठ्यांनीच पेटवावी आणि पेला जाड काचेचा घ्यावा. ज्योतीजवळ आला तर पातळ पेला तडकतो.

‘ज्वलनाला ऑक्सिजन लागतो’ हे मात्र या प्रयोगातून नक्की दिसतं. परीक्षेत लिहायचं ते तेवढंच.

गरम, गार आणि स्वेटर

बर्फाचे सारखे खडे दोन वाट्यांत ठेवा. एक वाटी स्वेटरमध्ये नीट गुंडाळा, दुसरी उघडी ठेवा. कोणता बर्फ आधी वितळेल? ‘स्वेटर गरम असतो, म्हणून त्यातला’ असं मुलं ठामपणे सांगतात. पाऊण तासाने उघडून बघा : स्वेटरमधला खडा मोठा राहिलेला असतो. लोकर उष्णता तयार करत नाही. तिच्यात अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असल्याने ती उष्णतेला ये-जा करू देत नाही, मग आत शरीर असो वा बर्फ. बर्फाच्या लाद्या भुश्यात आणि गोणपाटात का ठेवतात, हे मूल आता स्वतः सांगेल.

लगेच दुसरा प्रयोग. स्टीलचं ताट आणि लाकडी पोळपाट तासभर एकाच ओट्यावर ठेवा. हात लावल्यावर ताट गार लागतं. दोन्हींवर एकाच वेळी बर्फाचा एकेक खडा ठेवायचा. गार ताटावर तो जास्त टिकेल असा अंदाज येतो, प्रत्यक्षात ताटावरचा आधी वितळतो. ताट आणि पोळपाट यांचं तापमान सारखंच होतं. स्टील सुवाहक आहे, हातातली उष्णता पटकन ओढून घेतं म्हणून गार लागतं, आणि तेवढ्याच पटकन ते बर्फाला उष्णता देतं. तापमान आणि उष्णता यांतला फरक सांगायला याहून सोपी सोय घरात नाही.

बुडणं आणि तरंगणं

‘जड वस्तू बुडतात’ ही समजूत एका कागदाने जाते. अॅल्युमिनियम फॉइलचे तळहाताएवढे दोन सारखे तुकडे घ्या. एकाची होडी करा. दुसऱ्याची घडीवर घडी घालून लाटण्याने दाबून चपटी पुडी करा. वजन तेच, पण होडी तरंगते आणि पुडी बुडते. नुसता चुरगळून गोळा केला तर आत हवा राहते आणि तोही तरंगतो, मग मूल म्हणतं ‘बघा, फरक नाही’. म्हणून लाटणं.

त्यानंतर बटाटा किंवा अंडं साध्या पाण्यात सोडा. पाव लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने एकेक चमचा मीठ घालून ढवळत जा. पाच-सात चमच्यांच्या आसपास ते वर येऊ लागतं. बटाटा बदलला नाही, पाण्याची घनता वाढली. अंडं शिळं असेल तर साध्या पाण्यातच तरंगेल, कारण त्यातली हवेची पोकळी मोठी झालेली असते.

हळद आणि जास्वंद

दर्शकाचा, म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी ते दाखवणाऱ्या पदार्थाचा, धडा घरातच पूर्ण होतो. अर्धा चमचा हळद दोन चमचे सॅनिटायझरमध्ये कालवून गाळण कागदावर किंवा कोऱ्या टिपकागदावर पसरा आणि वाळवून पट्ट्या कापा. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सॅनिटायझर. त्यात स्पिरिट असतं, तेव्हा हे काम गॅसपासून दूर करा. साबणाच्या पाण्याने किंवा पानाच्या चुन्याच्या निवळीने पट्टी लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीत ती हीच.

इथे एक अडचण मुद्दाम ओळखून ठेवा. खाण्याचा सोडा लावला तर पट्टी नीट लाल होत नाही, फार तर किंचित नारिंगी होते. सोडा सौम्य आम्लारी आहे आणि हळदीचा रंग त्याहून तीव्र आम्लारीने बदलतो. प्रयोग चुकला नाही. धुण्याचा सोडा वापरून बघा. दुसरी मर्यादा : लिंबाने हळद पिवळीच राहते आणि साध्या पाण्यानेही पिवळीच. म्हणजे हळदीवरून आम्ल आणि उदासीन यांतला फरक कळत नाही. त्यासाठी जास्वंद. लाल जास्वंदीच्या चार-पाच पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. हे पाणी लिंबाने लालसर गुलाबी होतं आणि चुन्याच्या निवळीने हिरवं. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. निवळी मोठ्यांनीच काढून द्यावी.

झाडाचं अन्न

‘झाडं अन्न जमिनीतून घेतात’ ही सगळ्यात चिवट समजूत, आणि ‘खत म्हणजे झाडाचं अन्न’ हे रोजच्या बोलण्यातलं वाक्य तिला खतपाणी घालतं. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाने कुंडीत विलोचं रोप पाच वर्षं वाढवलं. झाडाचं वजन सुमारे ७५ किलोने वाढलं, तर कोरड्या मातीचं जेमतेम ५७ ग्रॅमने घटलं. मुलाला एवढे आकडे सांगा आणि विचारा, ही ७५ किलो वस्तू आली कुठून? हेल्मॉन्ट म्हणाला, पाण्यातून. ते अर्धंच खरं होतं, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्याला ठाऊक नव्हता. प्रकाशसंश्लेषणाचं सूत्र त्यानंतर लिहायला द्या.

पानातल्या स्टार्चची परीक्षा शाळेत करतात, पण त्यात पान गरम स्पिरिटमध्ये उकळावं लागतं. ती घरी करू नका. त्याऐवजी औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन चार-पाच थेंब दोन चमचे पाण्यात मिसळा आणि बटाट्याची चकती, पोहे, थंड भात, काकडी, साखर यांवर टाका. स्टार्च असेल तिथे निळा-काळा रंग येतो. गरम भातावर रंग धरत नाही, म्हणून भात थंड हवा. तपासलेला पदार्थ टाकून द्यायचा, खायचा नाही.

‘झाडं दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात आणि रात्री ऑक्सिजन’ हेही मुलं लिहितात. श्वसन दिवसरात्र चालतं. दिवसा प्रकाशसंश्लेषण त्याच्यावर मात करतं, इतकंच.

एक सेल, एक तार, एक बल्ब

टॉर्चचा काचेचा बारका बल्ब, पेन्सिल सेल आणि वीतभर तार द्या, आणि न सांगता पेटवायला सांगा. बहुतेक वेळा मूल बल्बचं टोकच दोन्हीकडून जोडायला बघतं. बल्बला दोन जोड असतात, एक खालची टिकली आणि दुसरी आट्यांची बाजू, हे हाताने सापडायला हवं. बल्ब लागला नाही तर तारेच्या टोकांवरचं प्लास्टिक सोललं आहे का ते आधी बघा. एलईडी वापरत असाल तर एका सेलचे १.५ व्होल्ट त्याला पुरत नाहीत. दोन सेल हवेत, आणि लांब पाय धन टोकाकडे. सेलची दोन टोकं नुसत्या तारेने जोडू नका, तार आणि सेल तापतात. भिंतीतल्या सॉकेटला यातलं काहीही लावायचं नाही, हे प्रत्येक वेळी सांगा.

शास्त्रीय कारण लिहिताना

प्रयोग समजला तरी गुण जातात ते लेखनात. शास्त्रीय कारणाला तीन पायऱ्या लागतात : नियम, इथली परिस्थिती, परिणाम. ‘पावसाळ्यात कपडे लवकर वाळत नाहीत’ याचं ‘कारण हवा दमट असते’ हे उत्तर अपुरं आहे. असं लिहावं : हवेत बाष्पाचं प्रमाण जास्त असलं की बाष्पीभवनाचा वेग मंदावतो. पावसाळ्यात हवेत बाष्प जास्त असतं. त्यामुळे कपड्यांतल्या पाण्याचं बाष्पीभवन सावकाश होतं आणि ते लवकर वाळत नाहीत. अशी पाच कारणं लिहून झाली की मुलाकडून एक कारण तुमच्यासाठी तयार करून घ्या. प्रश्न काढताना काय कळलं नाही ते लगेच उघडं पडतं.

आकृती पुस्तकात बघून काढू नये. आधी आठवून काढायची, मग पुस्तक उघडून राहिलेले भाग लाल पेनाने भरायचे.

चंद्र, सूर्य आणि गच्चीवरची काठी

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीने होतात, असं मोठेही म्हणतात. अंधाऱ्या खोलीत एक उघडा दिवा, पेन्सिलीला खोचलेला थर्माकोलचा पांढरा चेंडू, आणि मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी. हात लांब करून चेंडू डोक्यापेक्षा थोडा वर धरायचा आणि दिव्याकडे तोंड करून डावीकडे सावकाश वळत जायचं. आधी उजवीकडे बारीक कोर दिसते, पाव फेरीला अर्धा चंद्र आणि पाठ दिव्याकडे झाली की पूर्ण. डोक्याची सावली कुठेच मध्ये आली नाही. चेंडू खाली धरला तर पौर्णिमेला डोक्याची सावली पडते : ते ग्रहण. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमेला ते होत नाही.

पडताळा घ्यायला संकष्टी आहे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, तर वद्य चतुर्थीला किती वाजता? मुलाने गणित करून रात्री नऊच्या आसपास उत्तर काढलं, की कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ त्याला दाखवा.

‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते’ या समजुतीला एकच आकडा पुरतो : पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती १५.२ कोटी किलोमीटरवर जाते. ऋतू होतात ते अक्ष २३.५ अंशांनी कलल्यामुळे. परिवलन म्हणजे स्वतःभोवती वळणं, परिभ्रमण म्हणजे सूर्याभोवती भ्रमण. शब्दांतच अर्थ आहे, तो फोडून दाखवा.

हा कल बघायला एका बैठकीत जमत नाही, वर्षभर लागतं. गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा आणि महिन्यातून एकदा तिची सगळ्यात आखूड सावली मोजा. पुण्यात २१-२२ डिसेंबरला ती सुमारे ९० सेंटिमीटर भरते, २१ मार्चला ३३ सेंटिमीटरच्या आसपास, आणि १३ मेच्या सुमारास शून्य. मुंबईत शून्य सावली १५ मेच्या आसपास येते, नागपुरात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. घड्याळात बारा वाजले की मोजायचं, ही नेहमीची चूक. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची आहे, म्हणून मे महिन्यात सूर्य पुण्यात साधारण १२ वाजून ३१ मिनिटांनी आणि मुंबईत १२ वाजून ३५ मिनिटांनी माथ्यावर येतो. या दोन शहरांत सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करत जा. मे महिना ढगाळ गेला, तर जुलैमध्ये पुन्हा एक संधी येते, पण पावसामुळे ती बहुधा हुकते. त्यामुळे मेमधली तारीख आताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.